दारं धरून हुबी

आमच्या घरात पन्नास इंची टीव्ही आहे हे कळस गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या रविवारी ते जरा जास्तच माहीत झालं. भिमा वरकुटेकरांच्या आयुष्यावरचा दोन तासांचा चित्रपट टीव्हीवर लागणार होता. भिमा म्हणजे आमच्या तालुक्याचा गळा. त्यांची गाणी वाजल्याशिवाय इकडं लग्नाचा मांडव सजत नाही, आणि ते जाऊन अकरा वर्षं झाली तरी त्यात फरक पडलेला नाही. साडेसहापासूनच माणसं यायला लागली. मी बावीस कप चहा केला आणि तेविसाव्याला साखर संपली. कारखान्याच्या सभासदाच्या घरात साखर संपते कशी, यावर शेजारच्या रंगूबाईंनी जे बोलायचं ते बोलून घेतलं.

चित्रपट सुरू झाला आणि पाच मिनिटांत घरात दोन पार्ट्या झाल्या.

"भिमा येवढा गोरा कवा हुता?" रंगूबाई म्हणाल्या. "उन्हात हुबा केला तर सावली कुठली आन् भिमा कुठला कळायचं न्हाय."

"आत्ती, ते ॲक्टिंग बघा ना," माझी मुलगी स्वरूपा म्हणाली. ती बारामतीला कॉलेजात शिकते आणि तिला सगळ्यांचं ॲक्टिंगच दिसतं.

"तंबाखू कुठाय पण? मळल्याबिगर सूर लावत नव्हता त्यो."

माझा नवरा दीपक मात्र पहिल्या जाहिरातीच्या आधीच रडायला लागला होता. भिमांना लहानपणी घरातून हाकलून देतात असं दाखवलं होतं. खरं तर भिमांना कुणी हाकललं नव्हतं, ते स्वतःच आईच्या कनवटीचे पैसे घेऊन पळाले होते, हे दीपकलाही ठाऊक आहे. तरी तो रडला. माझे सासरे संभाजीआबा मधल्या खुर्चीवर बसून फक्त बैलांकडं बघत होते आणि दर बैलाला "खिलार न्हाय" एवढंच म्हणत होते.

आबांची ओळख करून द्यायला हवी. वय अठ्ठ्याहत्तर. तीस वर्षं आमच्या पाणीवाटप सोसायटीचे चेअरमन. पाटाच्या पाण्याला दहा मिनिटं उशिरा आलेल्या माणसाला त्यांनी चारचौघांत उभा सोललेला आहे. "मी जल्मात पाण्यावरनं हाललो न्हाय," हे त्यांचं वाक्य कळसची शाळकरी पोरंसुद्धा नक्कल करून म्हणतात. आणि भिमांचं एक गाणं त्यांच्या तोंडात सतत असतं. अंघोळ करताना, गायीला वैरण टाकताना, कधीही.

*दारं धरून हुबी, पाणी खळंना*
*येतो म्हणून गेला, मागं वळंना*
*सरीमागं सरी भरली, पाय गारठलं*
*येतो म्हणून गेला, मागं वळंना*

चित्रपटात हे गाणं आलं तेव्हा सगळे सरसावून बसले. पडद्यावर एक देखणी बाई नक्षीच्या सागवानी दाराची चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाहेर पाऊस. पाऊसही असा, की इंदापूर तालुक्यात तेवढा तीन वर्षांत मिळून पडत नाही. सरीमागून सरी कोसळत होत्या आणि ती बिचारी पाय गारठवत दार काही सोडत नव्हती.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग रंगूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि घर फुटेल असं हसू झालं.

ज्यांचा उसाशी फक्त रसापुरता संबंध आहे त्यांच्यासाठी सांगते. उसाला पाणी देताना एक सरी, म्हणजे उसाच्या ओळींमधला चर, भरली की खोऱ्यानं माती ओढून तिचं तोंड बुजवायचं आणि पुढच्या सरीचं फोडायचं. त्या तोंडाला आमच्याकडं दारं म्हणतात, आणि पाणी खळेपर्यंत, म्हणजे थांबेपर्यंत, हे करत चिखलात उभं राहणं म्हणजे दारं धरणं. मुंबईच्या लेखकांनी दारं म्हणजे दार धरलं, सरी म्हणजे पाऊस धरला आणि पाण्याचे अश्रू केले. शब्द सगळे मराठीच असल्यामुळं त्यांना कुणाला विचारावंसंही वाटलं नसणार.

हसणं चालू असतानाच पडद्यावरचा गोरा भिमा पावसात वळला आणि म्हणाला, "कुशी, वाट बघ. मी येईन."

हसणं थांबलं. वीसबावीस माणसं मान वळवून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याकडं बघायला लागली. तिथं माझ्या सासूबाई बसल्या होत्या, कुशाबाई, वय बाहत्तर, हातात भुईमुगाच्या शेंगा.

त्यांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि म्हणाल्या, "पोरगी दिसायला बरी घेतलीया."

नाव कुठून आलं ते रंगूबाईंनी तिथंच कबूल केलं. गेल्या साली दोन लेखक माहिती गोळा करायला गावात आले होते. त्यांनी विचारलं, गाण्यातली ती बाई कोण? "मी म्हटलं, कुशी. तिनंच दारं धरली हुती. मी खोटं बोलले का?" रंगूबाई खोटं बोलल्या नव्हत्या. लेखकांनी वहीत लिहून घेतलं आणि मुंबईला जाऊन दाराची ऑर्डर दिली.

आबा खुर्चीवरून उठले, टोपी घातली आणि शेतातल्या मोटारीच्या खोलीवर राहायला निघून गेले.

सोमवारी सकाळी मी डबा घेऊन गेले. आबा खाटेवर बसले होते.

"त्या दारातल्या बाईनं केल्यात भाकरी?"

"आबा, दाराचं येड्यासारखं दाखवलंय ते. तुम्हाला माहीत आहे दारं धरणं म्हणजे काय."

"तेच म्हंतोय मी. दारात हुबी असती तर मला काय न्हवतं. दार रस्त्यावर असतंय, कोणबी बघंल. ही उसात हुबी हुती. माज्या उसात. मंग भिमाला कसं कळलं? त्यो माज्या उसात कशाला आलता?"

बावन्न वर्षं ते गाणं म्हणणाऱ्या माणसाला हा प्रश्न टीव्ही बघून पडावा, याचंच मला नवल वाटलं.

"तिला सांग, जिनं ज्याची वाट बघितली तिनं त्यालाच वाढावं."

"ते जाऊन अकरा वर्षं झाली, आबा."

"मंग निवद दाव म्हणावं."

घरी येऊन मी सासूबाईंना हा निरोप सांगितला. त्यांनी विचारलं, "डबा परत आला?"

"रिकामा आला."

"मंग राग पोटाच्या वर हाय. हुईल नीट."

नीट काही झालं नाही. गावानं विषय दातात धरला. भजनी मंडळातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं पडलं की म्हाताऱ्या बाईची बदनामी झाली, चॅनेलवर केस टाका. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, गावाचं नाव झालं, फाट्यावर 'कुशीचं गाव' अशी कमान टाका. स्वरूपानं आजीचा फोटो मोबाइलवर टाकला तर तिच्या मैत्रिणींनी खाली बदाम पाठवले. बायका काही ना काही निमित्तानं यायच्या, सासूबाईंकडं बघायच्या आणि दही मागून जायच्या. आणि सासूबाई? एकदाही नाही म्हणाल्या नाहीत. उलट रोज इस्त्रीचं लुगडं नेसून ओट्यावर बसायला लागल्या. "म्हातारपणी कुणी संशव घेतला तर तेवढीच जिवाला तरतरी," म्हणाल्या. माझं डोकं फिरलं होतं, कारण दोन वेळचा डबा घेऊन उन्हातून शेतात मी जात होते.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी चॅनेलकडून माधवी नावाच्या मुलीचा फोन आला. चित्रपट पुन्हा दाखवणार होते आणि त्याआधी खऱ्या कुशीची मुलाखत. गुरुवारी सकाळी कॅमेरा घेऊन येतो म्हणाली. मी फोन ठेवला आणि मेथी निवडत बसलेल्या सासूबाईंसमोर जाऊन बसले.

"आत्या, परवा कॅमेऱ्यासमोर तुम्ही गप्प बसलात तर सगळा महाराष्ट्र खरं धरील. आबा त्या खोलीतून परत येणार नाहीत. काय आहे ते मला सांगा."

त्यांनी आधी दोन जुड्या निवडून संपवल्या. मग सांगितलं.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. लागणीचा ऊस, पाटाचं पाणी, महिन्यातून एकदा मिळणारी पाळी. सकाळी आठला पाणी आलं. नऊला आबा म्हणाले, डाळजला जत्रा आहे, भिमा गाणार आहे, एक गाणं ऐकतो आणि येतो. खोरं बांधावर टाकलं आणि सायकलवर टांग मारून गेले. ते उन्हं कलल्यावर आले. दिवसभर ही वीस वर्षांची बाई गुडघाभर चिखलात एकटी. पाणी सोडून जाता येईना, खालच्याचा ऊस बुडाला असता. रडून झालं, शिव्या देऊन झाल्या. मग रागारागानं गायला लागली. जुळवत गेली तसं जुळत गेलं.

"म्हणजे गाणं तुमचं?" मी विचारलं.

"माजंच की. भिमानं येताजाता कुठं पाटाच्या चारीवरनं ऐकलं आसंल. एक कडवं मातुर त्यानं गाळलं." आणि मेथीच्या काड्या सुपात टाकत त्यांनी ते हळू आवाजात म्हटलं.

*खोरं टाकून बांधाला, गेला गाण्याला*
*घरधनी माजा शाणा, मला लावून पाण्याला*

"हे का गाळलं?"

"आगं, माणसं गाण्याला येत्यात म्हणून त्याचं पोट. गाण्याला आल्याबद्दल शिव्या घालणारं कडवं त्यो कशाला म्हणंल?"

मला हसू आवरेना. मुंबईपासून नागपूरपर्यंत ज्या विरहावर लोकांनी माना डोलावल्या, ती आमच्या सासऱ्यांना घातलेली शिवी होती. "मग सांगा की आबांना. एका मिनिटात मिटेल सगळं."

"सांगून कळलं तर मला काय मिळालं?" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "सहा म्हयन्यांनी ह्येच गाणं म्हणत घरात आले. भिमानं काय झकास गाणं केलंय म्हणले. मी भाकरी थापत हुते. म्हटलं, म्हणत्यात तर कळंल आता. सरी आली, आता कळंल. पाय गारठलं आलं, आता तर कळंलच. भाकरी करपली माजी. तवापास्नं रोज म्हणत्यात. रोज मी तेवढ्यापुरती थांबते."

मला त्यांची दया आली नाही, आबांचा राग आला. इतका, की मी मेथीची पानं टाकून काड्या पातेल्यात भरल्या. सासूबाईंनी माझ्याकडून शब्द घेतला की मी आबांना एक अक्षर सांगणार नाही. मी शब्द दिला. पण शब्द गप्प बसण्याचा दिला होता, हात बांधून बसण्याचा नाही.

आमच्या बाकीच्या रानाला ठिबक आहे. एक वीस गुंठ्यांचा तुकडा मात्र आबांनी हट्टानं सऱ्या पाडून ठेवलाय, उसाला पायाखालून पाणी मिळालं पाहिजे म्हणून. त्या आठवड्यात शेतीच्या मोटारींना लाइट दिवसाची होती. बुधवारी सकाळी आठला मोटार चालू झाली, आबा आणि दीपक दोघं दारं धरायला उभे राहिले. नऊ वाजता मी बांधावर जाऊन दीपकला म्हटलं, स्वरूपाला बारामतीला सोडून या, तिचा पेपर आहे. पेपर नव्हता. दीपकनं खोरं बांधावर टाकलं, "आबा, तासाभरात येतो," म्हणाला आणि गेला. तो गाडीत बसल्यावर मी त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत परत यायचं नाही, फोन बंद ठेवायचा, आणि कारण विचारायचं नाही. दीपक गुणी आहे, कारण विचारत नाही.

मी शेजारच्या डाळिंबात बसून राहिले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला सोडून घरी जाण्याइतकी मी निर्दय नाही. दोन वेळा पाणी आणि गूळ नेऊन दिला. आबा कुणाचं ऐकत नव्हते आणि मोटार बंद करा म्हटलं तर अंगावर आले, पाणी सोडून जायचं नसतं म्हणाले. दोन वाजता डबा घेऊन गेले तेव्हा ते चिखलानं मांडीपर्यंत माखले होते.

"आठ वाजल्याधरनं हुबा हाय," आबा माझ्यावर ओरडले. "तुजा नवरा येतो म्हणून गेला. फोन लागंना. सरीमागं सरी भरतीया, पाय गारठून गेलं माजं, आन् त्यो शाणा अजून मागं—"

तिथं त्यांचं तोंड उघडंच राहिलं. सरी भरून पाणी बांधावरून जायला लागलं, तिकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. मी म्हणते, बावन्न वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं पाणी वाया गेलं असेल. मी खोरं घेऊन सरीचं तोंड बुजवलं.

आबांनी विचारलं, "डाळजला भिमा गायला हुता, ते कोणतं साल गं?"

"माझा जन्म नव्हता, आबा."

"व्हय. दीपकबी नव्हता." मग त्यांनी माझ्या हातातलं खोरं घेतलं आणि उरलेल्या सऱ्या एकट्यानं भरल्या. डबा तसाच राहिला. त्या दिवशीही ते घरी आले नाहीत.

गुरुवारी अंगणात खुर्च्या मांडल्या. माधवी चुणचुणीत होती, तिनं सासूबाईंच्या मागं मुद्दाम घराचं दार येईल असा कॅमेरा लावला. सगळं गाव कुंपणाला टेकून उभं. सासूबाई इस्त्रीच्या लुगड्यात, हात मांडीवर. मला माहीत होतं त्या काही बोलणार नाहीत. बावन्न वर्षं न बोललेली बाई एका कॅमेऱ्याला थोडीच बधणार.

"आजी," माधवी म्हणाली, "त्या दारात उभं राहून तुम्ही भिमाजींची किती वर्षं वाट बघितली?"

"दारात न्हाय बाई. उसात."

हे सासूबाई बोलल्या नव्हत्या. आबा फाटकातून आत येत होते. धुतलेलं धोतर, टोपी, आणि पाय कालच्या चिखलानं भेगाळलेले. माधवीनं कॅमेरावाल्याला खूण केली. आबा कॅमेऱ्याकडं न बघता कुंपणावरच्या माणसांकडं बघत उभे राहिले, सोसायटीच्या सभेत राहायचे तसेच.

"भिमाची कोण वाट बघत न्हवतं," ते म्हणाले. "पाणी चालू आसताना मी खोरं टाकून जत्रंला गेलो. दिसभर हिनं एकटीनं दारं धरली. गाणं हिचं हाय, आन् त्यातला येतो म्हणून गेलेला त्यो मी."

कुंपणावर कुणीतरी खाकरलं. ज्याला ज्याला आबांनी आजवर पाण्यावरून सोलला होता, तो प्रत्येकजण तिथं हजर होता. आबांना ते दिसत होतं.

"आजून हाय," आबा म्हणाले. आता ते सासूबाईंकडं वळले. हे काय निघतंय ते मलाही माहीत नव्हतं, आणि सासूबाईंनाही नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. "जत्रंतनं येताना भिमा माज्या सायकलवर मागं बसून आलता. चारीपाशी म्हणला, थांब संभाजी, कोणतरी गातंय, ऐकू दे. मी म्हटलं, आसंल कोण बाई तण भांगलणारी. तू बस ऐकत. मी त्याला तितंच सोडला आन् वाटंत च्या प्यायला थांबलो."

"माजा आवाज वळखू आला न्हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"न्हाय आला," आबा म्हणाले.

सासूबाईंनी मान खाली घातली. लुगड्याची मोडलेली इस्त्री त्या तळहातानं पुन्हा पुन्हा सरळ करत राहिल्या. माधवीला एवढंच कळलं होतं की तिच्या हाताला काहीतरी मोठं लागलंय. ती पुढं झुकून म्हणाली, "आजी, मग ते गाणं तुमच्या आवाजात एकदा म्हणाल? सगळ्या महाराष्ट्राला ऐकायचंय."

"आता कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "ज्याला ऐकवायचं हुतं, त्यानं ऐकलं."

मग त्या उठल्या आणि आबांकडं न बघता म्हणाल्या, "जेवायला घरला या."

आबा न्हाणीकडं पाय धुवायला गेले.